दुखणाईत आधी

"केळं कोण खातंय?"

प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून, झाडांवरच्या किड्यांचा अभ्यास करणाऱ्या कीटकवाल्यांनी विचारलं. आत दोघंच होते. काचसामान धुणाऱ्या मावशींनी साबणाचे हात वर करून दाखवले.

"माझ्याकडे काय बघता? सकाळपासून नळाखालीच आहे मी."

"मग वास कसला येतोय? चांगलं पिकून काळे ठिपके पडलेलं केळं आहे. मावशी, माझ्या डोळ्यांना फसवाल, नाकाला नाही फसवता येणार."

प्रयोगशाळेत खाण्याला बंदी होती. ती रोज मोडणारा माणूस एकच, तो म्हणजे स्वतः कीटकवाले. त्यांच्या खणात बिस्किटांचा चुरा आणि चुऱ्यावर मुंग्या कायम असत, आणि कुणी बोललंच तर मुंग्या अभ्यासासाठी पाळल्यात असं ते गंभीरपणे सांगत. त्यामुळे आपल्याला सोडून दुसरंच कुणी खातंय याचा त्यांना फार राग आला होता. ते एकेक कपाट उघडून हुंगत निघाले.

खिडकीजवळच्या टेबलावर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला माणूस मान वर न करता म्हणाला, "तो वास... कदाचित माझ्याकडून येत असावा."

मावशी खुदकन हसल्या. "अहो, कदाचित काय? खाल्लंय की नाही, एवढं तरी नक्की सांगा!"

पण नक्की सांगणं हेच तर त्यांना कधी जमलं नव्हतं. झाडांच्या बुरशी ओळखण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं, आणि 'कदाचित' हा शब्द त्यांच्या तोंडी इतक्यांदा आला, की फळझाडांच्या त्या संशोधन केंद्रात त्यांचं नावच कदाचितराव पडलं. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि त्यांनीही कधी हरकत घेतली नाही. नखशिखांत भिजून आलेले असताना कुणी "बाहेर पाऊस आहे का हो?" विचारलं, तर ते "पडत असावा" म्हणत. तरुणपणी मुलगी पसंत आहे का असं विचारलं तेव्हा ते विचार करायला बसले, आणि विचार पुरा होईपर्यंत मुलीचं दुसरीकडे ठरलं. ते राहत होते एका खोलीत, पुस्तकांच्या चळतींच्या मधून वाट काढत. स्वभावानं इतके लाजरे, की जिन्यात समोरून कुणी आलं तर भिंतीला लागून उभे राहत.

त्यांनी टेबलावरच्या डब्याचं झाकण उचललं. खोलीभर पिकल्या केळ्याचा गोड, किंचित शिळा वास पसरला. कीटकवाले धावत आले आणि आत बघून त्यांचा चेहरा पडला. डब्यात गाजराच्या जाड चकत्या होत्या. दोन चकत्यांच्या मध्ये लाकडाची एक कपची, आणि वरून दोरा गुंडाळलेला.

"ही तर मीच आणलेली गाजरं!" मावशी म्हणाल्या. "यांची केळी कशी झाली?"

"बुरशीचा वास आहे," कदाचितराव म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "हिचा वास असा येतो, असं वाचलं होतं. कधी घेतला नव्हता."

लाकडाच्या कपच्या अंजिराच्या होत्या, त्यांच्या ताईच्या बागेतल्या.

ताईची बाग शहराबाहेर होती, बसनं दुपारपर्यंत पोचता येईल इतकी लांब. भाऊजींनी लावलेली झाडं. ते गेल्यावर ताईनं एकटीनं सांभाळलेली. गेल्या काही वर्षांत त्यातली झाडं एकेक करून वाळत होती. आधी पानं मलूल होत, उन्हात मान टाकलेल्या पोरासारखी लोंबत. मग गळत. मग झाड उभ्या उभ्या जाई, आणि खोड कापलं की आत काळपट तपकिरी डाग सापडे, पाण्यात शाई सांडल्यासारखा कडेकडेला पसरत गेलेला. ताई फांद्यांचे तुकडे कागदात गुंडाळून भावाकडे पाठवी आणि फोनवर म्हणे, "बघ रे तुझ्या काचेतून. कोण आहे ते एकदा कळू दे."

कदाचितराव बघत. लाकडाचा तुकडा धुऊन, बटाट्याच्या पाण्याच्या घट्ट खुराकावर ठेवत, आणि दर वेळी तीच बुरशी वर येई: कापसासारखी पांढरी, खालून गुलाबी. केंद्रातल्या सगळ्यांना ओळखीची. विभागाच्या मोठ्या बाई म्हणाल्याही होत्या, "गुलाबीच लिहा आणि मिटवा. मातीतून येते, मुळं कुजवते, सगळं जुळतंय." पण कदाचितरावांचा हात पुढे होत नव्हता. गुलाबी बुरशी त्यांना गल्लीतल्या त्या माणसासारखी वाटे, जो कुठेही काही झालं की सगळ्यात आधी धावत येऊन पुढे उभा राहतो. त्यानंच केलेलं असतं असं नाही. पण तो इतका पुढे असतो, की त्याच्या मागचं कुणी दिसत नाही.

मग ग्रंथालयाच्या तळाच्या फळीवरच्या, कुणीच न उघडणाऱ्या एका जाड पुस्तकात त्यांना गाजराची युक्ती सापडली. काही बुरशी इतक्या हळू वाढतात, की साध्या खुराकावर बाकीच्या त्यांना झाकून टाकतात. ताज्या गाजराच्या चकत्यांमध्ये लाकूड दाबून ठेवलं, तर मात्र त्या निवांत वर येतात.

आणि आल्या होत्या. कदाचितरावांनी पुन्हा भिंगाला डोळा लावला. गाजराच्या केशरी माळरानावर लहान लहान काळ्या सुरया उभ्या होत्या, हजारो. गोल पोट आणि त्यावर लांबच लांब, केसासारखी बारीक मान. प्रत्येक सुरईच्या तोंडावर एकेक दुधी थेंब, पडायच्या बेतात, पण न पडलेला. खिडकीतून आलेलं सकाळचं ऊन त्या थेंबांत अडकलं होतं. इतकं सुंदर काही आपण शेवटचं कधी पाहिलं, ते त्यांना आठवेना. मग आठवलं. लहानपणी तापात पडलेले असताना छताचे वासे असेच हलके होऊन तरंगू लागत, आणि त्या तरंगण्यामधून ताईचा हात येऊन कपाळावर टेकत असे.

"सुंदर आहे हो," ते म्हणाले.

"काय, रोग?" कीटकवाल्यांनी विचारलं.

"हो. कदाचित."

मोठ्या बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. त्या वयानं कदाचितरावांपेक्षा बऱ्याच धाकट्या होत्या, पण कामात पक्क्या आणि मनानं सरळ.

"आहे खरी," त्या म्हणाल्या. "पण गुलाबीही आहेच ना त्याच लाकडात?"

"आहे."

"मग मारणारी कुठली?"

"ही. कदाचित."

"अहो, कदाचित असं अहवालात कसं लिहू मी? निरोगी रोपांना लावून बघा. काहींना ही, काहींना ती, काहींना नुसत्या स्वच्छ चाकूची जखम. जिनं रोप मरेल आणि मेलेल्या रोपातून जी परत निघेल, ती गुन्हेगार. तुम्हाला मी काय सांगायचं?"

सांगायला नकोच होतं. त्यांच्या धंद्याची रीतच ती. बुरशीवर आळ घ्यायचा तर तिच्या हातून एक निरोगी जीव आजारी पाडून दाखवावा लागतो. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं, आणि रोपाच्या कोवळ्या सालीवर चाकू टेकवताना दर वेळी त्यांची मान आपोआप दुसरीकडे वळत असे.

त्या संध्याकाळी त्यांनी ताईला फोन लावला.

"ताई, रोपं हवी होती अंजिराची. निरोगी."

"एवढंच ना? परसात डब्यांत लावलीयत की फांद्यांची. थोरल्या झाडाची आहेत, रोग शिवलेला नाही त्याला. घेऊन जा सगळी. तुझ्या त्या खोलीच्या गच्चीत काहीतरी हिरवं येईल एकदाचं." ताई खूश झाली होती. "जेवतोस ना रे वेळेवर?"

"जेवत असेन."

"असेन म्हणजे? ताट तुझ्यापुढे असतं की शेजाऱ्याच्या?"

ते हसले. रोपं कशासाठी हवीत ते सांगायचं राहूनच गेलं.

"आणि थंडी पडली की ये चार दिवस," ताई म्हणाली. "छाटणी काढायचीय. या वर्षी विहिरीजवळच्यापासून सुरुवात करणार. बिचाऱ्याची पानं आतापासून मलूल दिसतायत. त्याचा भार आधी हलका करायला हवा."

फोन कानाशी तसाच राहिला. "ताई," ते म्हणाले, "दर वर्षी आजारी झाडापासूनच सुरू करतेस तू?"

"मग काय? दुखणाईताचं आधी. विसरलास होय रे, बारक्या? सगळं जग विसरेल, पण तू विसरावंस?"

ते विसरले नव्हते. आई कामावर जायची आणि मागं राहिलेल्या भावंडांचं सगळं ताई बघायची, स्वतः शाळकरी असताना. घरात थोडकंच असायचं, आणि ते वाटायचा तिचा नियम एकच: दुखणाईताचं आधी. दुधाचा पहिला पेला, शेकोटीजवळची जागा, निवण्याआधीचं ताट. आणि दुखणाईत म्हणजे कोण, तर बहुतेक वेळा बारक्याच. धट्टीकट्टी भावंडं कुरकुरत, तेव्हा ती म्हणे, "तुम्ही उभे आहात ना? मग थांबा." डॉक्टरांनी आशा सोडलेली असतानाही बारक्या जगला, तो औषधांनी नाही, असं सगळं घर म्हणत असे.

फोन ठेवून ते अंधारू लागलेल्या खोलीत बसून राहिले आणि मनातल्या मनात बागेतून चालू लागले. ती बाग त्यांना डोळे मिटून दिसत असे. एक गोष्ट त्यांना केव्हाची टोचत होती. मातीतला रोग शेजारून शेजारी जातो, रांगेनं, भिजलेल्या कापडातून ओल चढावी तसा. हा रोग मात्र उड्या मारत गेला होता. फाटकाजवळून थेट कुंपणाकडे. कुंपणाकडून मधल्या जोडीकडे. मधली झाडं हिरवीगार ठेवून, कुणीतरी बोट धरून नेल्यासारखा.

आता त्यांना शिडी दिसली. डोक्याला फडकं बांधलेली ताई दिसली. तिच्या हातात भाऊजींची करवत, वापरून वापरून मूठ गुळगुळीत झालेली. ती आधी आजारी झाडाकडे जाते. त्याच्या फांद्या कापते, त्याच्याशी बोलते. तिथून शिडी उचलून नाजूक झाडांकडे, ज्यांची तिला काळजी वाटते त्यांच्याकडे. आणि दांडगी झाडं, जी उभी आहेत आणि थांबू शकतात, ती सगळ्यात शेवटी. तोवर करवतीचे दाते लाकडावर घासून घासून स्वच्छ झालेले असतात.

त्यांनी दिवा लावला नाही. 'किडाही असेल,' ते स्वतःशी म्हणाले.

काचघरात त्यांनी रोपं मांडली. ताईनं प्रत्येक डब्याला फडक्याच्या चिंध्या बांधल्या होत्या, बसमध्ये माती सांडू नये म्हणून. काही रोपांना त्यांनी गुलाबी बुरशी लावली, काहींना गाजरावरची, काहींना स्वच्छ चाकूची नुसती जखम. आणि उरलेल्या रोपांच्या बाबतीत त्यांनी एक गोष्ट केली, जी बाईंनी सांगितली नव्हती. ताईनं पाठवलेली आजारी फांदी त्यांनी एका करवतीनं कापली, आणि तीच करवत न पुसता त्या रोपांच्या शेंड्यांवरून एकदाच, हलकेच ओढली.

"हे कशाला?" पाणी घालायला आलेल्या मावशींनी विचारलं.

"सहज. ही जगतील."

"बघा, आज कदाचित म्हणाला नाहीत!"

मग वाट बघणं सुरू झालं. कदाचितराव दुपारच्या जेवणानंतर काचघरात स्टुलावर जाऊन बसत. काचेवरून पाण्याचे ओघळ उतरत, बाहेरची झाडं त्यातून वितळल्यासारखी दिसत. उबेनं डोळे मिटत. अर्धवट झोपेत त्यांना वाटे की आपण लाकडाच्या आत चालतोय, उभ्या नळ्यांच्या लांबच लांब बोगद्यांतून; वरून पाण्याचा आवाज येतोय, दूर कुठेतरी करवत चालतेय, आणि तिचा आवाज झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा संथ आहे. कधी बाग स्वप्नात येई. झाडं ताटं घेऊन रांगेत बसलेली असत, आणि ताई पहिल्या झाडापाशी वाकून म्हणत असे, घे, तुझं आधी.

जागे झाले की ते उठून आधी करवतीच्या रोपांकडे जात. पानांना बोट लावून बघत. पानं ताठ असत.

आयुष्यात पहिल्यांदाच ते कीटकवाल्यांच्या टेबलाशी आपणहून गेले. "तुम्हाला काय वाटतं? खोडकिडा नेत असेल का हो हा रोग, या झाडावरून त्या झाडावर?"

कीटकवाल्यांना आभाळ ठेंगणं झालं. जन्मात कुणी त्यांचं मत असं विचारायला आलं नव्हतं. "असेल काय? असणारच! आणा त्या फांद्या इकडे." त्यांनी बिस्किटाचा पुडा बाजूला सारून ताईच्या बागेतली एकेक फांदी भिंगाखाली घेतली, साल सोलली, टोकरलं, फुंकर मारली. कदाचितराव बाजूला उभे, परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या मुलासारखे. शेवटी कीटकवाल्यांनी भिंग खाली ठेवलं.

"एक भोक नाही हो. एकसुद्धा नाही. दगा दिला लेकाच्यांनी."

"पुन्हा बघता का एकदा?"

कीटकवाल्यांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि काही न विचारता पुन्हा एकदा सगळ्या फांद्या पाहिल्या.

रोपांमध्ये आधी मान टाकली ती गाजराच्या बुरशीवाल्यांनी. गुलाबीवाली मजेत होती, नवी पानं काढत होती. स्वच्छ चाकूची जखमही भरून आली होती. बाई खूश होत्या. कदाचितरावांचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं.

आणि मग एका सकाळी काचघरातून पाण्याची झारी घेऊन बाहेर येताना मावशी सहज म्हणाल्या, "साहेब, तुमची करवतवाली झोपली हो."

ते आत गेले. सगळी नव्हती झोपली. पण काहींची पानं लोंबत होती, आणि बाकीच्यांचीही वाट कळत होती. त्यांनी एक खोड कापलं. आत काळपट डाग, शाईसारखा. कपची गाजरात बांधून ठेवली. काही दिवसांनी प्रयोगशाळेत पुन्हा पिकल्या केळ्याचा वास सुटला. या खेपेला कुणी केळं शोधलं नाही.

जन्मभर ज्याला आपला एकही निष्कर्ष पुरता खरा वाटला नव्हता, त्या माणसाला या एका निष्कर्षात कुठे बारीकशी फट मिळते का ते शोधायचं होतं. त्यांनी सगळं पुन्हा तपासलं. फट नव्हती.

"माती नाही, वारा नाही. हत्यारातून जातो," मोठ्या बाई म्हणाल्या. "किती बागा वाचतील, कल्पना आहे? छान काम केलंत." त्यांना ती बाग कुणाची ते माहीत होतं. "तुमच्या ताईंना इथून पत्र पाठवू का? का तुम्ही सांगाल?"

"मी सांगतो."

"नक्की ना?"

"सांगेन... कदाचित."

थंडी पडली. कदाचितराव बसमध्ये खिडकीशी बसले, मांडीवर पिशवी, पिशवीत स्पिरिटची मोठी बाटली आणि फडकी. पायाशी चाकूची जखम भरलेलं एक रोप, डब्याला ताईचीच चिंधी. वाटभर ते वाक्यं जुळवत होते. 'ताई, एक नवीन पद्धत निघालीय.' 'ताई, शास्त्र असं म्हणतं.' धुक्यातून शेतं मागे सरकत होती, आणि जुळलेली वाक्यं त्यांच्याबरोबर मागे राहत होती.

बागेशी पोचले तेव्हा ताई शिडीवर होती. विहिरीजवळच्या झाडाला शिडी लावलेली, डोक्याला फडकं, हातात करवत. पहिल्या फांदीवर दाते टेकलेले.

"ताई, थांब!"

तो आवाज आपलाच आहे हे त्यांना क्षणभर कळलं नाही. ताईनं दचकून खाली बघितलं.

"काय रे? साप आहे का?"

"नाही. खाली ये ना."

ती उतरली. गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरणारी, पाठीत वाकलेली ताई. तिनं रोपाकडे पाहिलं. "हे एकच परत आणलंस? बाकीची गच्चीत लागली का?"

"काही जगली. बाकीची... ताई, आज जरा उलटं करू. दांडगी झाडं आधी छाटू. हे सगळ्यात शेवटी. आणि दर झाडानंतर करवत या स्पिरिटनं पुसायची."

"का बरं?"

"नवीन पद्धत आहे."

ताई शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. तिनं करवत मांडीवर आडवी घेतली आणि दात्यांवरून अंगठा फिरवला, धार बघावी तसा.

"पुसायची," ती म्हणाली. "म्हणजे हिला काहीतरी लागतं."

"लागत असावं."

"आणि ते पुढच्या झाडाला जातं."

ताईची नजर बागेवरून फिरू लागली. झाडांवरून नव्हे, झाडांच्या मधल्या मोकळ्या जागांवरून. फाटकाजवळ ती थांबली. तिथून कुंपणाकडे गेली. कुंपणाकडून मधल्या जोडीच्या जागी आली. शिडी गेली होती त्याच वाटेनं, त्याच क्रमानं. फाटकाजवळच्या जागेकडे ती पुन्हा एकदा वळली. सगळ्यात आधी तिनं तिथे हात लावला होता, पहिलं पान मलूल झालं त्याच हिवाळ्यात.

"मीच नेलं होय रे?"

"तसं नक्की सांगता येत नाही, ताई. किडाही असेल. वाऱ्यानंसुद्धा..."

"बारक्या." ताईचा आवाज अगदी मऊ होता. "लहानपणी दूध कुणी सांडलं विचारलं, की तू म्हणायचास, नक्की सांगता येत नाही. आणि दर वेळी ते तूच सांडलेलं असायचं."

विहिरीच्या कठड्यावर एक पान वाऱ्यानं सरकत गेलं आणि आत पडलं. पाण्यावर टेकल्याचा आवाजही आला नाही. कदाचितरावांना वाटलं, जवळ जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवावा. पण त्या घरात कपाळावर हात ठेवायचं काम नेहमी तिचंच होतं, त्यामुळे हात कसा पुढे करतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते नुसते तिच्याशेजारी शिडीला टेकून उभे राहिले.

शेवटी ताईनं पदरानं तोंड पुसलं. "ती रोपं," ती म्हणाली. "त्यांच्यावर बघितलंस होय हे सगळं?"

"हो."

"सांगायचंस तरी. मी चांगली चांगली निवडून दिली."

"चांगलीच हवी होती, ताई."

तिनं मान हलवली. मग गुडघ्यावर जोर देऊन उठली. "दे ती बाटली इकडे. दाखव कशी पुसायची."

दिवसभर ते छाटणी करत होते. थोरल्या झाडापासून सुरुवात झाली. ताई कापी, खाली देई. कदाचितराव दात्यांमधून फडकं फिरवत, करवत परत वर देत. सवयीनं तिचा हात अधूनमधून चुके. एक झाड संपलं की शिडी आपोआप एखाद्या मरतुकड्या झाडाकडे वळे, मग ती मध्येच थांबे आणि म्हणे, "नाही नाही, उभं आहे ते आधी." थंड हवेत स्पिरिटचा आणि कापलेल्या अंजिराच्या चिकाचा वास मिसळला होता. ऊन फिकट होत गेलं. कापलेल्या फांद्यांचे ढीग जमिनीवर झोपल्यासारखे पडले. मध्येच ताई झाडाशी बोलल्यासारखं म्हणाली, "हे एक दांडगट. इतक्या वर्षांत पहिल्यांदा याचा नंबर पहिल्यात लागला. हवा गेली असेल डोक्यात."

उजेड कमी झाला तेव्हा विहिरीजवळचं तेवढं राहिलं होतं. सकाळी त्याच्या फांदीवर करवतीची एकच रेघ उमटली होती. ताईनं करवत कदाचितरावांकडे दिली आणि रिकाम्या हातानं झाडापाशी गेली.

"याला छाटून काही उपयोग?"

"नाही. काढावं लागेल. मुळासकट."

"उद्या काढू," ती म्हणाली. तिनं खोडावर तळवा ठेवला, ताप बघावा तसा, आणि जरा वेळ तसाच ठेवला. "थांबलंस ना रे दिवसभर," ती झाडाला म्हणाली. "असू दे."

रात्री स्वयंपाकघरात चुलीची ऊब होती. करवत दोनदा पुसून खिळ्याला टांगली होती. रोपाचा डबा दाराशी होता. ताईनं पहिलं ताट वाढलं, त्यातून वाफ निघत होती, आणि नेहमीप्रमाणे ते भावाकडे सरकवलं. अर्ध्या वाटेत तिचा हात थांबला.

ताटाकडे बघत ती म्हणाली, "माणसांना नाही ना रे होत हे? एकाकडून दुसऱ्याकडे?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की," कदाचितराव म्हणाले.

ताईनं वर बघितलं. त्यांनीही बघितलं, जणू तो शब्द तिसऱ्याच कुणीतरी उच्चारला होता.

"मग जेव," ती म्हणाली, आणि ताट त्यांच्यापुढे सरकवून स्वतःचं वाढायला वळली.